मधली पायरी

मुलाचं सगळं आटपून मी पंधराव्या दिवशी दुबईला परतलो. तेरा वर्षांचा होता. गावच्या खाडीत पोहायला गेला आणि बुडाला. रास अल खोरला टाइल्सच्या गोदामात मी स्टोअरकीपर. मॅनेजरने खांद्यावर हात ठेवला, मग कंटेनर आल्याचं सांगितलं. मी पेट्या तपासायला लागलो.

फॅक्टरीकडून माल बघायला आलेला एक चिनी म्हातारा आमच्याकडे असायचा. आमचं बोलणं तोडक्यामोडक्या इंग्रजीत. त्याने मुलाचं वय विचारलं आणि मार्करने पुठ्ठ्यावर एक अक्षर काढलं. उच्चार शांग. अर्थ, मोठं होण्याआधी आलेलं मरण. डावीकडे उरलेली हाडं, उजवीकडे जखमेच्या अक्षरातला भाग. हल्ली हे फारसं कुणी लिहीत नाही, म्हणाला. पण जुन्या विधींच्या ग्रंथांत त्याच्या पायऱ्या होत्या. सोळा ते एकोणीस वरची, बारा ते पंधरा मधली, आठ ते अकरा खालची. वय कमी, तसं सुतकही कमी.

"तुझा मधला," तो म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. घरी बायको अंथरुणातून उठत नव्हती, आणि हे पायऱ्या मोजतात? मी तसं बोललो आणि पुठ्ठा फाडून टाकला. तो तुकडे उचलायला खाली वाकला. मग मला आठवलं, भावाचं तान्हं गेलं तेव्हा सुतक किती धरायचं ते ठरवायला आमच्या भटजींनीही विचारलं होतं, दात आले होते का.

"आठच्या खाली असेल तर?" मी विचारलं.

"काही नाही. सुतकाचे कपडेसुद्धा नाहीत." तो पुठ्ठ्याचे तुकडे गोळा करत होता. "माझी मुलगी सहा वर्षांची होती."

ताप आला होता, एवढंच त्याने सांगितलं. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला होता. कुणी काही विचारलं नाही.

संध्याकाळी मी बायकोला फोनवर हे सगळं सांगितलं. ती बरेच दिवस नुसतं हं म्हणायची. त्या दिवशी म्हणाली, "तिचं नाव काय होतं?"

मी विचारलंच नव्हतं. सकाळी विचारलं. त्याने हळू आवाजात सांगितलं. माझा उच्चार चुकला, त्याने सुधारला. परत चुकला. तिसऱ्यांदा जमला. तो मान हलवून पेट्यांकडे वळला.