पुलावरची पट्टी आणि एकेचाळीस सेंटीमीटर

आमच्या समोरच्या दारातली बाई घरं पाडणाऱ्यांची हेर आहे, ही बातमी एका सकाळी गल्लीत आली आणि दुपारच्या चहापर्यंत तिला हातपाय फुटले. कोणी म्हणालं, तिच्याकडे यादी आहे. कोणी म्हणालं, ज्या भिंतीवर ती निळी रेघ मारते ते घर महिन्याभरात जाणार. यादीत सत्तावीस घरं आहेत हेही कळलं. हा सत्तावीसचा आकडा माझा. बातमीत आकडा नसला की लोक अर्धवट ऐकतात, म्हणून मी घातला.

खरी गोष्ट इतकी रंगतदार नव्हती. बाई पालिकेत नकाशे काढायच्या नोकरीला. सहा वर्षांपूर्वीच्या पुरात कुणाच्या घरात पाणी कुठवर चढलं होतं ते मोजत ती दारोदार फिरत होती, आणि खूण सापडली की तिथे खडूने बोटभर रेघ मारत होती. घर पाडायचं राहू द्या, तिला साधं झुरळ मारवत नाही. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण ते मारायला मलाच हाक येते. हेर हे बिरुद चार दिवसांत गळून पडलं, पण रेघबाई हे नाव मात्र चिकटलं.

ही पायपीट कशासाठी, तर पुराच्या नव्या नकाशासाठी. जुन्या नकाशात आमच्या मागच्या खालच्या गल्लीत जेमतेम घोटाभर पाणी दाखवलं आहे, म्हणून ती धोक्याच्या हद्दीबाहेर धरली आहे. तिथल्या रिकाम्या गोदामात, तळमजल्यावर, पालिकेचं पाळणाघर व्हायचं ठरलं होतं. सत्तर मुलं. नकाशाच्या सुनावणीला सहा आठवडे उरले होते. त्या दिवशी जुनी हद्द कायम झाली की पाळणे तिथेच लागणार.

मी म्हटलं, "अगं, होईल काहीतरी. तू कशाला जीव काढतेस?"

ती म्हणाली, "वहिनी, दीड वर्षाचं मूल उभं राहिलं तर त्याचं नाक जमिनीपासून किती उंच असतं?"

"मला काय माहीत!"

"मी मोजलंय. सत्तर सेंटीमीटर."

मी चहा गाळला.

आता पुराची खूण शोधणं म्हणजे सोपं काम नाही. पाणी ओसरलं की आपण सगळे पहिलं काय करतो, तर भिंती रंगवतो. आणि विचारायला गेलं की माणसं आपापल्या सोयीने बुडतात. घर विकायचं असलेला म्हणतो, पायरी ओली झाली एवढंच. बाकीचे म्हणतात, छपरावर बसून दिवस काढले. म्हणून रेघबाई माणसांना फारसं विचारायचीच नाही. कपाटाची मागची फळी कुठवर फुगलीय, दाराची कितवी बिजागरी गंजलीय, विजेच्या मीटरच्या पेटीत गाळ किती, ते बघायची.

माझ्याकडे आली तेव्हा मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "कमरेपर्यंत होतं बाई पाणी, कमरेपर्यंत!"

तिने माझ्या कमरेकडे एकदा पाहिलं. मग स्वयंपाकघरातलं कपाट पुढे ओढलं, मागच्या फळीवरून नख फिरवलं आणि नडगीच्या उंचीवर थांबली.

"वहिनी, तेव्हा तुम्ही खाली बसला होतात का?"

त्रेसष्ट घरं झाली. सगळ्या रेघा कागदावर चढल्या, आणि तिथेच घोळ झाला. नकाशात त्या पुराची जी उंची होती, तिच्यापेक्षा प्रत्येक घरातली खूण चाळीसेक सेंटीमीटर वर. तिच्या ऑफिसात एक तरुण इंजिनिअर आहे, ती संगणकात अख्खं शहर उभं करते. नदी, पूल, गटारं, उंबरे, सगळं. मग त्यावर पाऊस पाडते आणि पाणी कुठे जातं ते बघते. त्याला ती मंडळी मॉडेल म्हणतात. आधी मागचा पाऊस पाडायचा. मागचा पूर जसाच्या तसा आला, तरच पुढच्या पावसाचं भाकीत ऐकायचं. या संगणकवालीने सांगून टाकलं, "लोक फुगवून सांगतात हो."

रेघबाई म्हणाली, "फळ्या फुगवून सांगत नाहीत. आणि त्रेसष्ट घरांनी एकाच मापाचं खोटं बोलायचं? आमच्या गल्लीत गाडी कुठे लावायची यावर दोन घरांचं एकमत होत नाही!"

मग नकाशातली उंची आली कुठून? पुलाच्या खांबावर नदीचं पाणी मोजायची रंगवलेली पट्टी आहे, तिच्यावरून. आणि ती पट्टी रोज तीन वेळा वाचून वहीत लिहिणारा माणूस कोण? रेघबाईचे सासरे. एकतीस वर्षं. गेल्याच वर्षी निवृत्त झाले. बाहेरच्या खोलीत देवासारखं टांगलेलं एक पत्र आहे, त्यात लिहिलंय, 'एकही दिवस न चुकवता.' त्या घरात पाणी पिण्याआधी नजर त्या पत्रावर जाते, अशीच खुर्ची मांडलेली आहे.

एका रविवारी सकाळी रेघबाई माझ्या दारात. खांद्यावर मोजणीची दुर्बीण आणि तिपाई, हातात उभी पट्टी.

"वहिनी, मोकळ्या आहात ना? ही फक्त सरळ धरायची. आणि हलायचं नाही."

"किती वेळ?"

"बोलायचंही नाही."

पाण्याच्या टाकीच्या पायरीत एक दगड आहे. त्याची उंची पक्की ठरलेली, शहरातली सगळी मापं त्याच्यावरून निघतात. तिथून टप्प्याटप्प्याने आम्ही पुलापर्यंत गेलो. ती दुर्बिणीला डोळा लावणार, मी पुढे पट्टी धरून उभी. बावीस ठिकाणी. ओळखीची माणसं समोरून जातायत आणि मी तोंड मिटून खांब झालेली. पुलापर्यंत पोचलो तर ही म्हणते, आता उलट जायचं. जाताना आणि येताना हिशेब जुळला पाहिजे म्हणे. तो जुळला.

टाकीच्या पायरीवर बसून तिने वहीतली वजाबाकी पुन्हा एकदा केली.

"पट्टी एकेचाळीस सेंटीमीटर कमी दाखवते," ती म्हणाली.

"कुठली पट्टी? मी धरलेली?"

"नाही. बाबांची."

ही बातमी मी कुणाला सांगितली नाही. नवऱ्याला सांगितली, पण तो ऐकत नाही, त्यामुळे ते धरायचं नाही.

ऑफिसात तिच्या साहेबांनी निराळीच मेख मारली. "पट्टी आज चुकीची आहे हे मान्य. पण कधीपासून? कुणी गेल्या वर्षी ती पुन्हा रंगवताना वर सरकवली असेल तर? तारीख आणा बाई. नाहीतर सगळी नोंद बाद धरावी लागेल. नोंद बाद म्हणजे मॉडेल कशाशी ताडून बघणार? मग जुनाच नकाशा पुढे जाईल." आणि ती उठताना हळूच म्हणाले, "घरचा मामला आहे. विचार करा."

विचार तिने बसस्टॉपपर्यंत केला असेल. घरी आली ती थेट सासऱ्यांसमोर, म्हणजे आमच्या काकांसमोर. मी तिथे होतेच. कात्री परत द्यायला गेले होते. कात्री माझीच होती, पण त्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही.

"बाबा, नव्या खांबावर पट्टी कधी रंगवलीत?"

"पुलाची दुरुस्ती झाली तेव्हा. सतरा वर्षं झाली. का?"

"कशी लावली होतीत?"

"कशी म्हणजे? जुन्या खांबावर पाणी किती आकड्यावर आहे ते वाचलं. नव्या खांबावर पाण्याला तोच आकडा दिला. मग तिथून वर-खाली रंगवत गेलो. आता तू मला पट्टी लावायला शिकवणार?"

"वाचलं आणि लगेच रंगवलं?"

"सांगितलं ना!"

"अगदी लगेच, बाबा?"

काकांनी आठवून सांगितलं, "रंगाचा डबा यायचा होता. सकाळी वाचून ठेवलं. रंग दुपारी आला. मग रंगवलं."

रेघबाईने सतरा वर्षांपूर्वीची वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली. त्या दिवसाचं पान. सकाळचा आकडा त्यांच्याच सुबक अक्षरात. त्याच्याखाली, त्यांच्याच अक्षरात: 'दुपारी १२. वरच्या धरणाचे दोन दरवाजे उघडल्याचा निरोप.' त्याच्याखाली: 'दुपारी ३. नवी पट्टी लावून झाली.'

काकांनी वाचलं. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा वाचलं.

"म्हणजे पाणी चढलं होतं."

"हो."

"आणि मी चढलेल्या पाण्याला सकाळचा आकडा दिला."

"हो, बाबा."

ते उठून आत गेले. मीही उठायला हवं होतं, पण मी उठले नाही. आतून आवाज आला, "त्यानंतरची सोळा वर्षं. उन्हात, तापात. सगळं फुकट."

ती जागची हलली नाही. तिथूनच मोठ्याने म्हणाली, "फुकट कसं? तुम्ही रोज वेगवेगळं चुकला असतात तर फुकट होतं. तुमचा प्रत्येक आकडा बरोबर एकेचाळीसने कमी आहे. तेवढे मिळवले की सगळी नोंद उभी राहते. दुसऱ्या कुणाची राहिली नसती. पण मला ही तारीख लागणार आहे, आणि खाली तुमची सही."

काकांनी आतून दार लोटून घेतलं.

चार दिवस त्या घरात शुकशुकाट. काकांनी खुर्ची फिरवून घेतली, पत्राकडे पाठ. रेघबाई रोज सकाळी त्यांच्या चहाच्या कपाशेजारी कागद ठेवायची, त्यावर पेन. चहा संपायचा, कागद कोरा. तिच्या नवऱ्याने, म्हणजे त्यांच्या लेकाने, तिसऱ्या दिवशी तोंड उघडलं, "जाऊ दे ना आता. या वयात कशाला त्यांना?"

"बरं," ती म्हणाली. "पाळणाघरात नाव घालायला आया रांगेत उभ्या आहेत. त्यांना तू जाऊन सांग, जाऊ दे म्हणून."

त्याने तोंड मिटलं. चांगला माणूस आहे, वेळेवर मिटतो.

मला राहवलं नाही. चौथ्या दिवशी जिन्यात गाठून मी तिला म्हटलं, "काकांनी सही केलीच नाही तर?"

"तर पाचव्या दिवशी पुन्हा कागद ठेवीन."

"आणि सहाव्या?"

"सुनावणीला अजून एकोणीस दिवस आहेत, वहिनी. चहा रोज होतो आमच्याकडे."

पाचव्या दिवशी काकांनी सकाळी चपला घातल्या, घडीची मोजपट्टी खिशात टाकली आणि कुणाशी न बोलता बाहेर पडले. मी भाजी आणायला म्हणून मागोमाग. पिशवी घरीच राहिली. ते थेट खालच्या गल्लीत, त्या गोदामापाशी. लोखंडी दाराच्या बिजागऱ्यांवर बोट फिरवत वर वर गेले. गंज संपला तिथे बोट ठेवलं, मोजपट्टी उघडली, आकडा वाचला. मग बोट तसंच ठेवून दुसऱ्या हाताने एकेचाळीस सेंटीमीटर खाली मोजले. म्हणजे त्यांच्या पट्टीने सांगितलेली जागा. तिथवरचं पाणी त्यांच्या घोट्याला लागलं असतं. वरचं बोट मांडीपाशी होतं. साठावर काहीतरी.

परत आले आणि कागदावर सही केली. सवयीने वेळही घातली: 'सकाळी ९.१०. चूक माझी.' मग सुनेला म्हणाले, "नवी पट्टी लावाल तेव्हा मला न्या. डबा आल्यावरच वाचा म्हणावं."

संगणकवालीने एकेचाळीस मिळवून मागचा पाऊस पुन्हा पाडला. आमच्या त्रेसष्ट रेघांशी पाणी बोटा-दोन बोटांच्या फरकाने जुळलं. तिने रेघबाईला मिठी मारली म्हणतात. हे मी पाहिलेलं नाही, पण शोभतं, म्हणून ठेवते.

सुनावणीला मी पहिल्या रांगेत. साहेब म्हणाले, मागच्या पुराचा नकाशा बरोबर झाला, छान, इथेच थांबू. रेघबाई उभी राहिली. म्हणाली, "साहेब, नकाशा मागे बघून काढलाय, पण मुलं पुढच्या तीस वर्षांत राहणार आहेत. हवा तापतेय, एका दिवसात पडणारा पाऊस वाढतोय. वाढलेला पाऊस पाडून आम्ही दुसरी रेघ काढली आहे. ती बघितल्याशिवाय मी खाली बसणार नाही." साहेबांनी घड्याळ बघितलं, मग तिच्याकडे बघितलं, आणि ती खरंच बसणार नाही हे त्यांना कळलं असावं. दुसरी रेघ लागली. निळी मागच्या पुराची, लाल येऊ शकणाऱ्या पुराची. गोदाम दोन्हींच्या आत. पाळणाघर टाकीजवळच्या चढावर गेलं.

सगळं छान झालं असतं, पण नकाशा आमच्या जिन्याखालच्या फलकावर लागला आणि मी चष्मा लावून आमचं घर शोधलं. निळी रेघ नडगीवर, हे ठीक. पण लाल! ती माझ्या स्वयंपाकघरात शिरून, ओट्याला वळसा घालून बाहेर पडत होती. घरावर छापलेली पाण्याची उंची वाचली, तर थेट कमरेपर्यंत. मी थापेत सांगितलं होतं ते या बाईने सरकारी कागदावर छापून आणलं.

मी तिला जिन्यातच अडवलं. "अगं, रविवारी बावीस ठिकाणी खांबासारखी उभी राहिले तुझ्यासाठी. शेजारधर्म म्हणून तरी ती लाल रेघ माझ्या घरावरून जरा पलीकडे सरकव ना!"

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"पाण्याला विचारून या, वहिनी. ते सरकतो म्हणालं, की मी लगेच सरकवते. तोवर फ्रिज वरच्या मजल्यावर न्या. एका बाजूने मी धरते."