खोटा ताप

बदलापूरजवळच्या गावातली नूतन आज कुणाच्याही मयतीला सगळ्यांआधी हजर असते. ओळखपाळख नसली तरी जाते. हिला आमंत्रणही लागत नाही नि नातंही लागत नाही, असं तिचा भाऊ भूपेश चिडवतो. ती हसत नाही. एका घरी तिला वेळेवर जाता आलं नाही, आणि ते तिला अजून खातं.

ते घर उल्हासनगरचं, लवीनाचं. कॉलेजची तीन वर्षं दोघी एका बाकावर बसल्या. लवीनाच्या मम्मीने डब्यात दिलेली कोकी, म्हणजे कांदा घातलेली जाड सिंधी पोळी, नूतन आधी फस्त करायची आणि मग आपली तांदळाची भाकरी लवीनापुढे सरकवायची. शेवटच्या वर्षी ती मम्मी चार दिवसांच्या दुखण्यात गेली. लवीनाचा मेसेज आला, तिसऱ्या दिवशी पाच ते सहा बैठक. सिंधी लोकांचं बरं असतं, दुःखाला भेटायचीही वेळ ठरवून देतात. नूतनच्या गावात ते तेरा दिवस आवरत नाही.

नेमकी त्याच दिवशी भूपेशची हळद. नूतन निघाली तर आई, चांगुणा, वाटेत उभी राहिली.

"दारान मांडव परलाय. मयताचे घरा जावाचा नाय."

आईचं काही चुकलं नाही, रीतच तशी. चुकलं ते नूतनचं. तुझी आई गेली आणि मी हळदीला थांबले, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? तिने लिहून टाकलं, मला खूप ताप आहे. मम्मीला काय झालं होतं, एवढंही विचारलं नाही. मग पिवळी साडी नेसून डीजेपुढे नाचली, आणि अगदी मनापासून नाचली.

लग्नाची धामधूम आटोपून ती सोळाव्या दिवशी गेली. तोवर लवीनाकडे बारावं उरकलं होतं, मावश्या आपापल्या घरी परतल्या होत्या. लवीनाने चहा दिला. वाटेत घोकलेली वाक्यं नूतन काढू लागली, तर तिने थांबवलं. हळदीचा व्हिडिओ भूपेशच्या मित्राने लगेच टाकला होता, आणि तो बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी तिच्या पाहण्यात आला होता.

"मांडव होता तर बोलायचं ना," लवीना म्हणाली. "शादीवाल्या घरातून आमच्यात पण कोणी येत नाही. मी समजले असते."

नूतन मान खाली घालून पुटपुटली, की लाज वाटली.

लवीना रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे सांगत राहिली. "मम्मीला पण पहिले नुसता तापच आलेला, नूतन. सगळे मम्मीसाठी रडत होते, आणि मी तो पूर्ण एक तास, तुला काही होऊ नये म्हणून प्रार्थना करत बसले होते."