लेक धानोऱ्याला राहिली

जीप सुरू झाली तेव्हा गौरी माझ्याकडे बघत नव्हती. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पायजम्याला धरून ती रस्त्याकडे बघत होती. कापसानं भरलेली ट्रॉली नुकतीच गेली होती. तिच्यातून सुटलेले पांढरे पुंजके हवेत तरंगत होते, आणि माझी सात वर्षांची पोर त्यांच्यात हरवली होती. मी खिडकीतून हात हलवला. आबांनी तोंडावरचा रुमाल खाली करून काही तरी म्हटलं. इंजिनाच्या आवाजात ते मला ऐकू आलं नाही.

धानोरा सोडून सुरतेला जाणं मला नवं नव्हतं. लग्न झालं तेव्हाही निघालेच होते. पण तेव्हा मागे राहिलेली माणसं मोठी होती, त्यांची त्यांना समजूत काढता येत होती. या वेळी मागे लेक राहिली.

आम्ही तिघं गावी आलो ते कोरोनात सगळं बंद पडलं म्हणून. आमचे हे लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, काम करतात, मी घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवते. खातं बंद, साड्या येणं बंद, गौरीची शाळाही बंद. तिचा पहिलीचा वर्ग गुजराती माध्यमाचा. बाईंचे धडे मोबाइलवर यायचे. धानोऱ्यात रेंज जायची, बाईंचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं, आणि गौरी हसत सुटायची. मग तिनं मोबाइलकडे बघणंच सोडलं.

थंडी सुरू झाली तेव्हा गावच्या शाळेतल्या गुरुजींनी देवळावरच्या भोंग्यावरून शिकवायला घेतलं. ते दिवस मला अजून खरे वाटत नाहीत. सकाळी शेतांवर धुकं असायचं आणि त्या धुक्यातून कुणाचा चेहरा न दिसता आवाज यायचा, "मुलांनो, आज जोडाक्षरं." गल्लीतली पोरं आपापल्या ओट्यांवर बसून ओरडून उत्तर द्यायची. गुरुजींना ते ऐकू जात असेल की नाही कोण जाणे, पण ते थोडं थांबायचे आणि म्हणायचे, "शाब्बास." कापूस वेचणाऱ्या बायाही पाढे म्हणायच्या. माझी माय कधी शाळेत गेली नाही. तीसुद्धा भाकरी थापता थापता त्या आवाजामागे "क कमळाचा" म्हणायची आणि मी बघितलं की लाजून गप्प व्हायची.

एके दिवशी गौरी कोठीत उभी राहून बियाण्याच्या रिकाम्या थैलीवरचं एकेक अक्षर लावत होती. "क-पा-शी." तिनं माझ्याकडे बघितलं. "मम्मी, हाई तर कपाशी शे."

तिला वाचता येऊ लागलं होतं, आणि तेही आमच्या बोलीत आनंद करत.

कापसाच्या पुढच्या हंगामात खाती नीट चालू झाली. शेठचा फोन आला. मी गौरीचे कपडे पिशवीत भरायला लागले, तर तिनं ते एकेक काढून परत खुंटीला अडकवले.

"मम्मी, तू जाय. मी आठेच शिकसू."

मी आबांकडे बघितलं. ते म्हणाले, "राहू दे तिले. सुरतनी शाळा उघडी की मंग दखू."

शाळा उघडायला फार वेळ लागला. तोवर गौरी मला फोनवर भेटायची. हळूहळू तिच्या बोलण्यातला सुरतेचा हेल गेला. खोलीत टिकल्या लावता लावता मी फोन कानाशी धरायची. तिच्या आवाजामागे कोंबड्या, हापशाचा आवाज, माय कुणाला तरी हाक मारतेय. बाहेर आमच्या मजल्यावरची पोरं गुजराती आणि हिंदीची खिचडी बोलत असायची. मला वाटायचं, मी दोन्हीकडे अर्धी अर्धी बसले आहे.

शाळा पूर्ण उघडल्यावर आम्ही तिला घेऊन आलो. सीमेवरचं नवापूर मागे पडलं तशी ती गप्प झाली. थकली असेल, असं मला वाटलं. पण ती गप्पच राहिली. मराठी शाळा आमच्या भागापासून लांब, म्हणून जुन्याच शाळेत तिसरीत बसवलं. थोड्या दिवसांनी बाईंनी मला बोलावलं. "बेन, छोकरी बोलती ज नथी." बाई रागावलेल्या नव्हत्या, त्यांनाही काळजी वाटत होती. दोन वर्षांत वर्गातलं प्रत्येकच मूल काही ना काही विसरून आलं होतं, असं त्या म्हणाल्या. पण गौरी विसरली नव्हती. ती दुसरंच काही शिकून आली होती.

एका दुपारी ती गॅलरीत अभ्यास करत होती. मी वाकून बघितलं. गुजराती अक्षरांना वरची रेघ नसते. पट्टी धरून गौरी पुस्तकातल्या प्रत्येक शब्दावर पेन्सिलीनं रेघ मारत होती. पानामागून पान.

"हाई काय करी ऱ्हायनी?" मी विचारलं.

"मंग वाचता येई," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ खाली बसले. "गौरी, तुले कोठे ऱ्हावानं शे?"

ती पट्टी नीट करत राहिली. "मी सांगू तर तुले वाईट वाटई."

सांगायचं काही उरलंच नव्हतं. संध्याकाळी हे खात्यातून आले. मी बोलले तेव्हा ते बूट न काढता दारातच बसले. मग म्हणाले, "पोर हासाले पाहिजे." पुढच्या रविवारी आम्ही दोघं तिला धानोऱ्याला सोडून आलो. परतीच्या गाडीत चिंचपाड्याला चहावाला आला, यांनी एक चहा घेतला, अर्धा प्यायला आणि कप माझ्या हातात दिला.

आता ती बारा वर्षांची आहे. वर्गात सगळ्यांत जास्त बोलते, अशी तक्रार येते, आणि ती तक्रार मी फोनवर मायकडून पुन्हा पुन्हा वदवून घेते. गावातून माझ्यासारख्या पुष्कळ जणी सुरतेला आल्या. भेटलो की सगळ्या विचारतात, लेकीला कधी आणणार?

दिवाळीला गेले तेव्हा माय शेतात होती. दार गौरीनं उघडलं. माझी पिशवी आत ठेवली, तांब्याभर पाणी आणून दिलं, आणि चुलीपाशी चहा ठेवायला बसली. सवयीनं मी उठले आणि साखरेचा डबा शोधू लागले. तो जुन्या जागी नव्हता. तिनं माझा हात धरून मला खाटेवर बसवलं.

"तू बस ना मम्मी. पाव्हनी शे तू."

ज्या घरात मी जन्मले, त्या घरात मी बसून राहिले. बायका लेकीच्या घरी जातात ते लेकीचं लग्न झाल्यावर. मी फार लवकर जायला लागले. पण चहा तिनं चांगला केला होता, आलं घालून, आणि मला किती गोड लागतो ते तिला विचारावंही लागलं नाही.