पडदा हशावर पडायचा होता

तालमीत ठरलं होतं, विनोद झाला की थांबायचं आणि हशा ओसरला की पुढचं वाक्य घ्यायचं. आमच्या कॉलनीच्या हौशी मंडळाचं नाटक होतं, बड्या लोकांच्या खोट्या शिष्टाचाराची टर उडवणारं जुनं प्रहसन. मुख्य भूमिकेतल्या सुलभाताई रिकामा कप ओठांना लावून वाक्य टाकायच्या आणि थांबायच्या. हॉलमध्ये नुसती पंख्यांची घरघर. त्यांचे यजमान आयसीयूत आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. अशा बाईच्या बोलण्यावर हसायचं कसं?

किती निर्दयी असतो आपला सभ्यपणा! ती बाई घटकाभर हशा मागायला आली होती आणि आम्ही प्रेक्षक तिला सुतकी चेहरे देत होतो.

न राहवून मी मोठ्याने हसलो. एकटाच.

"अहो, भान ठेवा जरा!" बायकोने चिमटा काढला.

सुलभाताईंनी मात्र पुढचं प्रत्येक वाक्य माझ्याकडेच बघून म्हटलं. मी हसत राहिलो, घसा दुखेपर्यंत.

मग शेवटचं वाक्य आलं. "आमचं काय हो, आमचं अगदी मजेत चाललंय!"

हशा आला की विंगेतले नाना पडदा पाडणार होते. माझ्या तोंडून आवाजच फुटेना. सुलभाताई कप उचलून, हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे बघत उभ्या होत्या. नाना दोरी धरून हशाची वाट बघत होते.