पुतळीच्या उष्ण गोळ्या

पुतळीला गोळ्या लपवायला घरात एकच जागा सापडली, रक्तवाढीच्या गोळ्यांचा डबा. गरोदर बाईच्या उशाशी तो असायचाच, त्यात कोण डोकावतंय? तिला एचआयव्ही आहे हे घरात फक्त नवऱ्याला, निकेशला ठाऊक होतं. ठाऊक नसायला काय झालं, आजार त्यानंच घरी आणलेला. डोलवीकडं पोलादाच्या कारखान्यात कंत्राटावर कामाला होता. स्वतःच्या गोळ्या कामावरच्या कपाटात ठेवायचा आणि घरी साळसूदपणे जेवायचा.

सातव्या महिन्यात पुतळीला थंडीताप भरला. पेणच्या डॉक्टरीणबाईंनी मलेरिया सांगितला, औषध दिलं आणि बाजूला घेऊन बजावलं, "मलेरियानं पोटातली वार बिघडते, मग तुझा आजार बाळापर्यंत सहज पोचतो. रोजची गोळी एकही चुकवू नको." पोर निरोगी निघावं, याशिवाय पुतळीला देवाकडं दुसरं काही मागायचं नव्हतं.

घरी सासू बायजा वाटच बघत होती. तिचा जन्म मिठागरात उन्हात गेलेला, तिच्या लेखी सगळी दुखणी उष्णतेची. आणि रक्तवाढीच्या गोळ्या उष्ण, हे खाडीकाठच्या कुठल्याही म्हातारीला विचारा. तिनं डबा उचलला, सरळ खाडीत रिकामा केला आणि सुनेला मायेनं सब्जाचं पाणी आणून दिलं.

"आई, त्या टाकायला नको व्हत्या," पुतळी कशीबशी म्हणाली.

"तुला काय कळतं गो? अंगाची भट्टी झालीय तुजी."

निकेश समोरच भात कालवत होता. त्यानं वर आमटी ओतून घेतली.

बायजा पाण्याला गेली तशी पुतळी त्याला म्हणाली, "दवाखान्यातून दुसऱ्या आणा."

"तिथं गावची मान्सं असतात. कोनी बघितलं तर?"

"मग तुमच्यातल्या द्या."

"आनि मी काय खाऊ?" म्हणाला आणि शिफ्टला गेला बेशरम.

पुतळी स्वतः निघाली, तर बांधावरच भोवळ येऊन पडली. मग बायजानं बाळंतपणापर्यंत तिला उंबरा ओलांडू दिला नाही.

मुलगा झाला. दवाखान्यात पुतळीनं सगळं सांगितलं, बाळाला लगेच औषध सुरू झालं. बारशाला बायजा नातवाला मांडीवर घेऊन बायकांना सांगत होती, "मी त्या गोळ्या फेकल्या म्हनून पोरगा हाती लागला."

पुढं बाळाच्या रक्ताचा रिपोर्ट आला. त्यालाही एचआयव्ही. दवाखान्याच्या पायरीवर निकेशचे डोळे भरून आले. बापाचं काळीज हललं एकदाचं, असं पुतळीला वाटलं.

"आईला सांगू नको गो," तो म्हणाला. "तिला सोसायचं नाय."