अकरावा बडग्या

माझी नोकरी भुसावळ स्टेशनात, पार्सलच्या खिडकीत. गाडी लेट असली की शेजारच्या टेबलावरचे गणपतराव जप करतात आणि मी आमच्या मागवाल्यांच्या फुटबॉल टीमची नावं म्हणतो. गोलीपासून सुरुवात करायची, मग बॅक, हाफ, फॉरवर्ड. ओठांतल्या ओठांत अकरा नावं झाली की गाडीचा धूर दिसतोच, असा माझा अनुभव. यंदा श्रावणात काय झालं कोण जाणे, दहाच नावं होऊ लागली. पुन्हा म्हणावं, पुन्हा दहाच. लेफ्ट हाफपाशी आलो की डोळ्यांपुढे नुसतं भिजलेलं हिरवं गवत येई आणि त्यावर कोणीच नसे.

मागवाले म्हणजे नागपूरच्या इतवारीकडची विणकरांची पोरं. सकाळी हातमागावर बसायची, संध्याकाळी अनवाणी फुटबॉल खेळायची. मी तेव्हा धरमपेठेत खोली घेऊन कॉलेजात शिकत होतो, म्हणजे घरचे तसं समजत होते. खरं शिक्षण कस्तुरचंद पार्कच्या कडेला उभं राहून चाललं होतं. एका पावसाळ्यात ही पोरं भल्याभल्यांना हरवत शील्डच्या फायनलला गेली. समोर कामठीच्या छावणीतले बूटवाले गोरे. एका गोलनं हरलो. त्यानंतर कितीतरी टीम जिंकलेल्या पाहिल्या, पण एकीवरही तसा जीव जडला नाही.

"एवढं जिवाला लागलंय तर जाऊन विचारून या," बायको म्हणाली. "पोळा आलाच आहे, मारबतही बघून याल." तिला वाटलं मी नाही म्हणेन. मी त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला.

रेल्वेचा माणूस म्हणून मला पास मिळतो; तुम्हाला तिकीट काढावं लागेल, आणि लढाईच्या या दिवसांत तिकीट काढलं म्हणजे जागा मिळाली असं समजू नका. अर्धा डबा पलटणीचा. अकोल्यापर्यंत मी एका शिपायाच्या ट्रंकेवर एक पाय ठेवून उभा होतो. मग खिडकी मिळाली, आणि सगळं माफ झालं. श्रावणातला वऱ्हाड खिडकीतून पाहावा. कपाशी गुडघ्याला आलेली, मध्येच ऊन, मध्येच सर, आणि ओल्या काळ्या मातीचा वास डब्यातल्या विडीच्या धुरावरही मात करणारा. बडनेऱ्याला चहा घेतला आणि डोळे मिटले, तर गाडीच्या ठेक्यात तीच मॅच सुरू झाली. पावसाची भुरभुर, बॉल जड झालेला, कडेला छत्र्याच छत्र्या. लेफ्ट हाफ मात्र स्वप्नातही पाठमोरा.

नागपूर स्टेशनाबाहेर टांगेवाला इतवारीचे आठ आणे म्हणेल. तुम्ही चालायला लागा, पाच पावलांत तो चारवर येतो. मी थेट विठोबाच्या गल्लीतल्या चहाच्या दुकानाशी उतरलो. विठोबा म्हणजे मागवाल्यांचा सगळ्यात मोठा भक्त. स्वतः कधी बॉलला पाय लावला नाही, पण माग बंद ठेवून प्रत्येक मॅचला हजर. त्याची दुसरी ओळख अशी की गल्लीचे बडगे तोच करतो.

बडगे म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती निघतात. काळी आणि पिवळी, कागद-बांबूच्या प्रचंड बाया, गावची रोगराई घेऊन वेशीबाहेर जळायला जाणाऱ्या. त्यांच्या मागून बडगे. ज्याची खोड काढायची त्याचा बांबू-तणसाचा पुतळा करायचा, वाजतगाजत मिरवायचा, शेवटी जाळायचा. सावकार, शिपाई, महागाई, कोणीही सुटत नाही. आणि ज्याचा बडग्या निघाला त्यानं रागवायचं नसतं. जाळलं म्हणजे संपलं.

विठोबानं मला पाहिलं आणि आधी चहा सांगितला. साखर कंट्रोलात गेल्यापासून इथे गुळाचा चहा मिळतो. दूध फाटण्याआधी पटकन प्यावा. मी माझी अडचण सांगितली.

"हात्तेच्या! यासाठी भुसावळहून आला का गा तू?" विठोबा हसला आणि बोटं मोजू लागला. गोली, बॅक, फॉरवर्ड... दहाव्या बोटावर थांबला. पुन्हा मोजली. बाजूला बसलेला गुलाब, त्याच गल्लीतला विणकर, तोही मोजू लागला. दहाच.

"थांब गा," विठोबा म्हणाला. "आपन हरलो त्या साली म्या साऱ्या टीमचे बडगे केले होते. अकरा. ते आठवतो, म्हनजे सापडन."

ती मिरवणूक मीही पाहिली होती. फायनल हरून गाव मान खाली घालून बसलेलं, आणि विठोबानं सगळ्या टीमचे बडगे काढले. प्रत्येक खेळाडू आपापल्या बडग्याशेजारी नाचत होता, लोक त्यांना पोटभर चिडवत होते, हसता हसता रडत होते. त्या एका दिवसात हरण्याचं दुःख धुऊन निघालं. विठोबा आता डोळे मिटून एकेक बडग्या आठवत होता. जाळ्यात अडकलेला गोली, लंगडा बॅक, बॉल सोडून आभाळात लाथ मारणारा सेंटर फॉरवर्ड.

"आन् अकरावा?" गुलाबनं विचारलं.

"अकरावा... तोंडात शिट्टी," विठोबा हळूच म्हणाला. "अकरावा रेफ्री होता गा."

चहावाल्यानं फडकं थांबवलं.

"म्हनजे आपल्या टीमचे दहाच केले म्या. अकरा मोजले आन् गप बसलो. कोन राहिला मंग?" आणि मग त्याच्याच तोंडून ते नाव आलं. "डोमाजी! डोमाजी राहिला ना गा!"

नाव ऐकताच ते हिरवं गवत भरलं. डोमाजी. बारीक, काळासावळा, कधी ओरडायचा नाही. समोरच्याच्या पायातून बॉल असा काढून घ्यायचा की त्या गोऱ्याला दोन पावलं पुढे गेल्यावर कळायचं. मग लगेच आपल्या फॉरवर्डला द्यायचा. आणि बॉल त्याच्या पायातून निघाला की आमचे डोळे बॉलबरोबर जायचे. गोल व्हायचा, आम्ही छत्र्या उडवायचो, आणि तो मागे उभा राहून धोतराचा काचा नीट करत असायचा. एवढ्या वर्षांत आम्ही हजार वेळा त्या गोलांविषयी बोललो असू. बॉल आला कुठून हे एकदाही बोललो नाही.

"तो नरखेडकडं हाय," गुलाब म्हणाला. "सासुरवाडीले, संत्र्याच्या बागेत. त्याच सालापासून गेला."

"त्याच सालापासून काहून गा?" विठोबानं विचारलं. पण विचारताना त्याचा चेहरा असा झाला की उत्तर त्याला ठाऊक असावं.

दुसऱ्या दिवशी मी आणि विठोबा इटारसीच्या पॅसेंजरनं निघालो. काटोलपासून पुढे दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा लागतात. या दिवसांत फळ हिरवं असतं, पानांत लपलेलं. पिवळी बाग पाहायची तर हिवाळ्यात जा. आणि एक चूक आम्ही केली ती तुम्ही करू नका. पोळ्याच्या आदल्या दिवशी नरखेडला बैलांची दमणी मिळत नाही. "बैल धुतले, आता जुपत नाई," एवढंच उत्तर सगळीकडे. चालत गेलो. चिखल पोटरीपर्यंत, वर आभाळ अगदी खाली आलेलं, बागांतून पाण्याचे थेंब टपटपताहेत आणि दूर कुठेतरी बैलाच्या गळ्यातली घाटी वाजतेय. मला वाटत होतं, ही वाट संपूच नये.

डोमाजी विहिरीपाशी होता. खांदमळणीची वेळ. वर्षभर जू ओढलेल्या बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळायची आणि उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं, अशी रीत आहे. केस पांढरे झालेले, पण काच्याची तीच बांधणी. त्यानं विठोबाला ओळखलं, मान हलवली आणि पुन्हा खांदा चोळू लागला.

"बसा," म्हणाला. "सरजा, पाहुने आले वं."

त्याच्या बायकोनं, सरजाबाईंनी, ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि ठेचा वाढला. भाजी अशी की मी लाज सोडून तिसरी भाकर घेतली. विठोबानं पहिली भाकरही मोडली नव्हती.

"डोमाजी, त्या साली म्या..." तो सुरू झाला.

"राहू दे गा."

"राहू काहून द्यायचं?" सरजाबाई मध्येच म्हणाल्या. "नवीन लगन झालं होतं आमचं. हे मले म्हने, चाल, माहा बडग्या दाखोतो तुले. साऱ्या मिरवनुकीत फिरलो आमी, पुढून मांगं, मांगून पुढं. दहा जनायचे बडगे पाह्यले, त्या रेफ्रीचाही पाह्यला. घरी आले आन् जेवलेच नाई."

डोमाजी हसला. "चिडवलं असतं तर बरं वाटलं असतं गा. हरलो तर मीही होतो ना. साऱ्यायले चिडवलं, मले कोनी चिडवलंच नाई. मंग म्या म्हनलं, आपन बहुतेक खेळलोच नसन."

तो रागावून बोलला असता तर सोपं गेलं असतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी ठेच्यावर ढकललं. विठोबा उठला, तूप-हळदीची वाटी घेऊन बैलांपाशी गेला, एका बैलाच्या खांद्याला हात लावला आणि डोमाजीकडे पाहून ते आमंत्रणाचे शब्द म्हणाला. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. पन तू परवा ये. मारबतीले. माह्या दारी."

"बैल सोडून कसा येऊ?" डोमाजी म्हणाला. येतो म्हणाला नाही.

पोळ्याचा अख्खा दिवस विठोबाच्या ओसरीत गेला. गल्लीत पुरणाचा वास दरवळत होता आणि आम्ही दोघं बांबू बांधत होतो. त्यानं तणस भरलं, मी खळ लावून कागद चिकटवले, त्याच्या जुन्या धोतराचा काचा घातला. पायाशी कागदाचा बॉल बांधला. मध्येमध्ये विठोबा थांबून म्हणे, "तो येईन का गा?" आणि मी म्हणे, "येईल." मला काहीच खात्री नव्हती.

मारबतीच्या दिवशी सकाळी लवकर जाऊन जागा धरा, आणि चांगले कपडे घालू नका. ढोल, धूळ, गुलाल, खांद्यावर चढलेली पोरं, सगळ्या गच्च्या माणसांनी लगडलेल्या. काळी मारबत आली तेव्हा गर्दीतून एकच गजर उठला. "ईडा पीडा घेऊन जाऽऽ गे मारबत!" आमचा बडग्या गुलाबच्या खांद्यावर. विठोबा मिरवणुकीकडे पाहतच नव्हता, तो स्टेशनच्या रस्त्याकडे पाहत होता.

आणि ते दिसले. पुढे सरजाबाई, हातात पुरणपोळ्यांचं गाठोडं, मागे पांढरं धोतर नेसलेला डोमाजी, नेहमीसारखा दोन पावलं मागे.

तो बडग्यासमोर उभा राहिला. वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मिशी एवढी कवा होती गा माही?"

"बडग्या हाय, थोडी वाढोवलीच," विठोबा म्हणाला.

डोमाजी वाकला. "आन् बॉल उजव्या पायाले काहून? लेफ्ट हाफ ना मी? डाव्याने खेळत होतो."

विठोबानं कपाळावर हात मारून घेतला. "चुकलो गा. पुन्हा चुकलो!" आणि दोघंही हसू लागले, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून. डोमाजीनं स्वतः बसून सुतळी सोडली आणि बॉल डाव्या पायाला बांधला.

"कोन हा बडग्या?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"मागवाल्यायचा लेफ्ट हाफ!" विठोबा ओरडला. "मॅच हरून बैलायच्या मांगं जाऊन लपला! डोमाजीचा रुसवा घेऊन जाऽऽ गे मारबत!"

ज्यांना डोमाजी ठाऊक नव्हता त्यांनीही गजर उचलला. गल्लीतले म्हातारे नावानं ओळखून पुढे आले आणि चिडवू लागले. "काऊन बे डोम्या, त्या गोऱ्याले भेला का?" डोमाजी आपल्या बडग्याशेजारी नाचत होता. इतक्या वर्षांनी, त्या वयात, काचा सावरत. सरजाबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या आणि मध्येच त्याही ओरडत होत्या.

वेशीबाहेर जाळ पेटला होता. बडग्या आत टाकायच्या आधी डोमाजी म्हणाला, "बॉल नको जाळू." त्यानं तो सोडवला, ओल्या गवतावर ठेवला आणि डाव्या पायानं विठोबाकडे ढकलला. सगळे "आला, आला" करत त्या कागदी बॉलमागे धावले. तो विठोबापर्यंत पोहोचला की वाटेतच फुटला, मला माहीत नाही. मी डोमाजीकडे पाहत होतो. तो मागे उभा राहून धोतराचा काचा नीट करत होता.

परतीच्या गाडीत गर्दी तेवढीच होती. सरजाबाईंनी बांधून दिलेल्या पुरणपोळ्यांतल्या दोन अकोल्याला एका शिपायाला दिल्या, त्याबदल्यात खिडकी मिळाली. बाहेर तीच कपाशी, तीच भुरभुर. मी नावं म्हणून पाहिली, लेफ्ट हाफपासून सुरू करून. आता तशीच म्हणतो. गाडी वेळेवर येतेच असं नाही.

घरी बायकोनं पाय धुवायला पाणी दिलं आणि विचारलं, "सापडला का तुमचा अकरावा?"

मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"चिडवलंत ना त्यांना पोटभर?"

"चिडवलं."

"मग झालं," ती म्हणाली, आणि पान वाढायला आत गेली.