दाराशी जांभळी, आत निळी

"हिरवी मिसळलीय साहेब. मी सांगते ना. बारा ताटं बघितली, बाराच्या बारा तशीच."

"आक्का, प्रयोगशाळेचा कागद म्हणतोय माल शुद्ध आहे."

"कागदाला काय डोळे असतात?"

फोरमनने मान खाजवली आणि ताटं परत पहिल्या टाकीत ओतायला न्यायची म्हणून गाड्यावर चढवायला सांगितली. वाळवणीच्या खोलीत आक्काचा शब्द शेवटचा, हे त्यालाही ठाऊक होतं. दगड दळून, आम्लात विरघळवून, त्यातला एकेक धातू वेगळा काढला की त्याचं फ्लोराइड गाळ होऊन तळाला बसायचं. तो गाळ धुऊन, वाळवून ताटात आला की पुढचं काम आक्काचं. हातमोजे चढवायचे, तोंडाला मुसकं बांधायचं, ढेकळं फोडायची, चाळायचं आणि रंग बघायचा. निओडिमियमच्या भुकटीला तिथे सगळे जांभळी म्हणत आणि शेजारच्या ओळीतल्या प्रॅसिओडिमियमला हिरवी. दोघी सख्ख्या बहिणी, एकमेकींचा पदर सोडत नाहीत. त्यांना वेगळं करायला टाक्यांची रांगच्या रांग खपते. जांभळीत हिरवी शिरली, तर भट्टीतून निघालेला धातू गिऱ्हाईक दारातूनच परत पाठवणार.

अठरा वर्षं आक्काची नजर चुकली नव्हती. पण मधल्या पंधरवड्यात तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, आणि आज कामावरचा पहिला दिवस. निघताना सून म्हणाली होती, झेपत नसेल तर घरी बसा. तसं ती प्रेमानेच म्हणाली. पण घरी बसायचं म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून लसूण सोलायचा, हे आक्काला न सांगता कळत होतं. नजर गेली तर चाळणी गेली, आणि चाळणी गेली तर आक्काला कोण विचारतो?

गाडा गेल्यावर तिने तेरावं ताट ओढलं. तेही निळसर, हिरवट झाक मारणारं. चौदावं तसंच. आता मात्र तिने चाळणी खाली ठेवली. एवढी हिरवी आली कुठून? सांडली म्हणावं तर एका ताटात सांडेल, गावभर कशी सांडेल?

तिने भट्टीवाल्याला हाक मारली आणि रंग विचारला. तो कंबरेवर हात ठेवून वाकला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "पांढराच म्हण की. आम्हाला लाल झाल्याशिवाय काही दिसत नाही."

याचा काही उपयोग नव्हता. मग तिने कपाटातून मागच्या वर्षीच्या पास झालेल्या मालाची बाटली काढली आणि ताटाशेजारी धरली. बाटलीतली भुकटीही निळी. म्हणजे मालात खोट नाही, खोट डोळ्यात. तिने उजवा डोळा झाकला. जरा मळकट दिसलं, पण निळंच. डावा झाकला. लखलखीत निळं. दोन्ही डोळ्यांचं एकच मत, आणि तेही तिच्या विरोधात.

ती गाडा थांबवायला धावली. तिकडे पहिल्या टाकीपाशी चार ताटं रिकामी झाली होती. उरलेली आठ मोठ्या दाराशी उन्हात उभी होती, आणि आठही जांभळी होती. कोवळी, स्वच्छ, जशी अठरा वर्षं दिसत आली तशी.

आक्का बघतच राहिली. कुणी ताटं बदलली की काय? तिने झाकणाच्या काचेच्या वाटीत एक चमचा भुकटी घेतली आणि ती आत नेली. निळी. बाहेर आणली. जांभळी. परत आत, परत बाहेर.

भट्टीवाला लांबून ओरडला, "आक्का, तान्हं झोपत नाही का तुझं?"

तिसऱ्या फेरीला ती मध्येच उंबऱ्यावर थांबली आणि वर बघितलं. छताला पांढऱ्याफेक नळ्या. पूर्वी तिच्या टेबलावर पिवळे दिवे असायचे. तिने विचारलं तेव्हा फोरमन सहज म्हणाला, तुमच्या रजेत बदलले, उजेड जास्त पडतो.

"उजेड पडला खरा," आक्का म्हणाली. "साहेब, माल चांगला आहे. चार ताटं माझ्यापायी गेली."

फोरमनने रिकामी ताटं मोजली. मग म्हणाला, "वर सांगावं लागेल."

"सांगा. दिव्यांचंही सांगा."

त्याने वाटी हातात घेतली, आत-बाहेर करून पाहिली आणि तोही चक्रावला. "मग हिचा खरा रंग कुठला? आतला की बाहेरचा?"

"ते मला नका विचारू. सकाळी विचारलं असतं तर छातीठोक सांगितलं असतं."

पिवळा दिवा मिळायला दोन दिवस लागणार होते. तिच्या जागेचं काय ते वरचे ठरवतील, पण भट्टी तापलेली होती आणि तोवर प्रत्येक ताटातली चिमूट वाटीत घालून दाराशी न्यायची, एवढाच मार्ग होता. गुडघे कुरकुरत होते. जाताना हातातली भुकटी कुठल्या पावलाला रंग पालटते ते पकडायचा आक्काने प्रयत्न केला, पण ते काही सापडेना. दाराशी तिने वाटी उन्हात धरली, आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्याने बघितलं, आणि आत वळून म्हणाली, "तेरावं पास. चौदाव्याची चिमूट काढून ठेवा."

मग मुसकं वर ओढून ती चाळणीपाशी बसली.